दाट वाढीतले जिवाणू अतिनील किरणांत जास्त का तगतात? रासायनिक संदेशांचा यात वाटा किती?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. यंदा एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी अतिनील किरणांखाली जिवाणू किती वेगाने मरतात हे मोजण्याचा साधाच प्रकल्प घेतला. लॅमिनार कपाटातला २५४ नॅनोमीटरचा दिवा, त्याखाली पेट्री डिशमध्ये ई. कोलाय, ठरावीक सेकंदांनी थोडे द्रव काढून अगरवर पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या, अशी पद्धत होती. एका डिशमध्ये रात्रभर वाढलेले दाट संवर्धन (कल्चर) होते आणि दुसऱ्या डिशमध्ये तेच संवर्धन सलाइनने शंभर पट पातळ केलेले होते. दाट डिशमधील जिवाणू जगण्याचे प्रमाण पातळ डिशपेक्षा बरेच जास्त निघाले, आणि प्रयोग तीनदा करूनही ते बदलले नाही.

त्यांपैकी एकीने जिवाणूंच्या रासायनिक संदेशांविषयी, म्हणजे कोरम सेन्सिंगविषयी, वाचले आहे. गर्दीतले जिवाणू एकमेकांना संदेश देऊन किरणांविरुद्ध सज्ज होतात म्हणून ते तगले, असा निष्कर्ष तिने वहीत लिहूनही टाकला. मला तो आकर्षक वाटतो, पण पटत नाही, आणि का पटत नाही हे तिला नीट सांगताही येत नाही. अशा संदेशांमुळे अतिनील किरणांपासून खरोखर संरक्षण मिळते का, मिळत असेल तर कोणत्या मार्गाने, आणि आमच्या प्रयोगातून तसे म्हणता येईल का, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

मॅडम, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: नाही, या प्रयोगातून तसे म्हणता येणार नाही.

पातळ डिशमधले जिवाणू आले कोठून? त्याच रात्रभर वाढलेल्या नळीतून. दिव्याखाली जाण्याच्या दोन मिनिटे आधीपर्यंत ते त्याच गर्दीत होते, तेच संदेश त्यांनीही ऐकले होते, आणि त्या संदेशांमुळे पेशीत काही प्रथिने तयार झाली असतील तर ती त्यांच्याही पेशीत तितकीच होती. सलाइन घातल्याबरोबर तयार प्रथिने नाहीशी होत नाहीत. संदेश मिळालेले आणि न मिळालेले जिवाणू यांची तुलना आपण केलेलीच नाही. एकाच वयाचे आणि एकाच अनुभवाचे जिवाणू दोन वेगवेगळ्या दाटपणात ठेवले, एवढेच झाले.

मग फरक कशाचा? माझ्या मते बहुतांशी सावलीचा. रात्रभर वाढलेल्या संवर्धनात एका मिलिलीटरमध्ये अब्जाच्या घरात पेशी असतात आणि वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात. त्यातच जिवाणू ज्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढले तो ब्रॉथ २५४ नॅनोमीटरचा प्रकाश भरपूर शोषतो. डोळ्यांना तो फिकट पिवळा आणि पारदर्शक दिसतो, त्यामुळे हे लक्षात येत नाही. अतिनील किरणांसाठी मात्र तो चहाच्या काढ्यासारखा गडद असतो. विद्यार्थिनींनी सलाइनने पातळ केले तेव्हा पेशी शंभर पट कमी झाल्या आणि ब्रॉथही शंभर पट कमी झाला, म्हणजे एका फटक्यात दोन गोष्टी बदलल्या.

करून पाहण्यासारखी गोष्ट अशी आहे. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून सलाइनने दोनदा धुवाव्यात, मिलिलीटरमागे दहा लाखांच्या आसपास पेशी राहतील इतपत पातळ कराव्यात, डिशमध्ये दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल थर ठेवू नये आणि दिव्याखाली असताना द्रव सतत ढवळत ठेवावे. दिव्याचे अंतर मोजून ठेवावे आणि दिवा अर्धा तास आधी लावून स्थिर होऊ द्यावा. हे सगळे सांभाळल्यावरही फरक उरला, तर त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

आणखी एक चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात वर्षभर करत होतो. किरण दिल्यानंतर डिश ट्यूबलाइटखाली उघड्या टेबलावर ठेवायचो. जिवाणूंत फोटोलायेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारी-शेजारी असलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. जांभळ्या-निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेवर हे विकर ती जोडी पुन्हा सोडवते. प्रकाशाने जिवाणू असे ‘परत जिवंत’ होतात हे आल्बर्ट केल्नर यांनी १९४९ साली दाखवले होते. त्यामुळे नमुना काढल्यापासून उबवणी कपाटात ठेवेपर्यंतचे काम मंद पिवळ्या किंवा लाल दिव्यात करावे आणि डिश काळ्या कागदात गुंडाळाव्यात. नाहीतर एका विद्यार्थिनीचा हात संथ आणि दुसरीचा चपळ, एवढ्यानेही निकाल बदलतो.

गोदातीर (नांदेड)

पाणचक्की सरांनी प्रयोगाची बाजू चोख मांडली आहे. ‘दोन मिनिटांपूर्वी तेही त्याच गर्दीत होते’ हा मुद्दा विद्यार्थिनींना फळ्यावर लिहून दाखवावा इतका महत्त्वाचा आहे. तरीही त्या मुलीची कल्पना चुकीची म्हणून बाजूला ठेवू नये असे मला वाटते. तिचा प्रयोग चुकला, कल्पना नव्हे. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी थोडी सविस्तर देतो.

कोरम या शब्दाला आपल्याकडे गणपूर्ती म्हणतात आणि ग्रामसभेमुळे तो गावोगावी माहीत आहे. पुरेशी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि ठराव होत नाही. जिवाणूंचेही तसेच आहे, फक्त हजेरीपट नसतो. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू तयार करून बाहेर सोडत राहते. पेशी विरळ असतील तर तो रेणू वाहून जातो. दाटी झाली की तो साचतो, ठरावीक मर्यादा ओलांडतो, पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो आणि कित्येक जनुके एकदम चालू होतात. हे प्रथम समुद्रातल्या प्रकाश देणाऱ्या व्हिब्रिओ फिशेरी या जिवाणूत दिसले. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० साली ते मांडले, त्यातला रेणू १९८१ साली ओळखला गेला, आणि कोरम सेन्सिंग हे नाव १९९४ साली रूढ झाले. जिवाणूंचे ग्रॅम-ऋण आणि ग्रॅम-धन असे दोन मोठे गट आहेत; ग्रॅम-ऋण जिवाणूंत हे रेणू बहुधा होमोसेरीन लॅक्टोन या वर्गातले असतात, ग्रॅम-धन जिवाणूंत लहान पेप्टाइडे.

इथेच आपल्या प्रकल्पाची दुसरी अडचण येते. ई. कोलायकडे होमोसेरीन लॅक्टोन तयार करणारे जनुकच नाही. त्याच्याकडे एसडीआयए नावाचे ग्राहक प्रथिन आहे, त्यामुळे दुसऱ्यांचे बोलणे तो ऐकतो, पण त्या भाषेत स्वतः बोलत नाही. तो इंडोल सोडतो, एआय-२ नावाचा संदेश सोडतो, परंतु ज्या संदेशांचा अतिनील संरक्षणाशी चांगला संबंध दाखवला गेला आहे ते प्रामुख्याने इतर जिवाणूंचे आहेत. ई. कोलायच्या स्थिर अवस्थेतल्या, म्हणजे वाढ थांबलेल्या, पेशी काटक असतात हे खरे; त्यामागे आरपीओएस हे नियामक प्रथिन आहे आणि उपासमार हे त्याचे मोठे कारण आहे.

आता मूळ गोष्ट. अतिनील किरणांची इजा एकाच प्रकारची नसते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे या विषयावर बराच गोंधळ होतो. दिव्यातले २५४ नॅनोमीटरचे किरण, ज्यांना सी गट म्हणतात, थेट डीएनएवर आदळून थायमिनच्या जोड्या बांधतात. सूर्याचे हे किरण ओझोनचा थर अडवतो, त्यामुळे उघड्यावरच्या जिवाणूला त्यांची ओळखच नसते. उन्हातून जमिनीवर पोहोचतात ते प्रामुख्याने ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ए गटातले किरण आणि थोडे बी गटातले. ए गटाचे किरण पेशीतल्या फ्लेव्हिन, पॉर्फिरिन यांसारख्या रंगद्रव्यांना चेतवतात आणि त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडही आले. पहिल्या प्रकारात डीएनए दुरुस्त करणारे कारागीर लागतात, दुसऱ्या प्रकारात पेरॉक्साइड विझवणारे.

संदेशांचा सर्वांत भक्कम पुरावा या दुसऱ्या प्रकारात आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत लास आणि आरएचएल अशा दोन संदेशव्यवस्था एकावर एक रचलेल्या आहेत. त्या बिघडवलेल्या वाणांत कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही ऑक्सिजनची आक्रमक रूपे विझवणारी विकरे कमी पडतात आणि पेरॉक्साइड त्यांना लवकर मारते, हे १९९९ साली दाखवले गेले. पुढे अर्जेंटिनातील संशोधकांनी याच जिवाणूवर ए गटाचे किरण सोडून पाहिले, तेव्हा संदेश न बनवणारे वाण मूळ वाणापेक्षा लवकर मेले आणि त्यात कॅटालेजचा मोठा हात निघाला. मला त्याहून रंजक वाटली ती पुढची गोष्ट: जीव न जाईल इतपत कमी मात्रेत हे किरण दिले, तर हा जिवाणू बायोफिल्म, म्हणजे आपल्या रांजणाच्या आतल्या बाजूला धरतो तसा बुळबुळीत थर, जास्त तयार करतो, आणि त्यासाठीही संदेशव्यवस्था शाबूत असावी लागते. त्या थरातली चिकट शर्करा आणि त्यात अडकलेले कॅटालेज दोन्ही आतल्या पेशींच्या कामी येतात. म्हणजे पाणचक्की सर ज्या सावलीला प्रयोगातली अडचण म्हणतात, ती सावली निसर्गात जिवाणू संदेशांच्या मदतीने स्वतः उभी करतो.

डीएनएच्या थेट इजेबाबत पुरावा इतका सलग नाही. व्हिब्रिओ हार्वेई हा प्रकाश देणारा जिवाणू घ्या. त्याचा निळसर प्रकाश दाटी झाल्यावरच, संदेशांच्या हुकमाने, लागतो. पोलंडमधील संशोधकांनी २००० साली दाखवले की प्रकाश न देणारे वाण अतिनील किरणांनंतर अंधारात ठेवले तर जास्त मरतात. त्यावरून त्यांनी असे मांडले की हा जिवाणू फोटोलायेजला लागणारा उजेड घरच्या घरी पुरवतो. कल्पना सुंदर आहे. मात्र जवळच्याच व्हिब्रिओ फिशेरीवर काम करणाऱ्यांना स्क्विडच्या शरीरात राहताना प्रकाशाचा जो फायदा होतो तो या दुरुस्तीतून येतो असे आढळले नाही. म्हणून हे उदाहरण वर्गात सांगताना ‘एका जातीत असे दिसले’ एवढेच सांगावे.

आपल्या शिवारातले उदाहरण द्यायचे तर डाळिंबाचा तेल्या किंवा लिंबाचा खैऱ्या घ्या. दोन्ही झँथोमोनास कुळातल्या जिवाणूंचे रोग आहेत. या कुळातल्या वसाहती पिवळ्या दिसतात त्या झँथोमोनॅडिन या रंगद्रव्यामुळे, आणि ते प्रकाशाच्या इजेपासून पेशीला वाचवते, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत भातावरच्या झँथोमोनासवर १९९७ साली झालेल्या कामातून पुढे आले. कोबीवर्गीय पिकांवरच्या त्याच्या भाईबंदात हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी पेशीबाहेर पसरणारा एक छोटा रेणू लागतो. भर उन्हात पानावर बसणाऱ्या जिवाणूला असा रंग किती मोलाचा असेल, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

बॅसिलस सबटिलिसचा मार्ग आणखी निराळा आहे. उपासमार आणि दाटी या दोहोंची खूण पेप्टाइड संदेशांतून पटली की तो बीजाणू, म्हणजे टणक सुप्त पेशी, बनवू लागतो. बीजाणूत डीएनएला विशिष्ट छोटी प्रथिने लपेटून बसतात, त्यामुळे किरणांनी होणारी इजाच वेगळ्या प्रकारची होते आणि रुजताना एक खास विकर ती नेमकी दुरुस्त करते. २५४ नॅनोमीटरला असे बीजाणू वाढत्या पेशींपेक्षा साधारण १० ते ५० पट जास्त तग धरतात.

एक गोष्ट जाता जाता. संदेश फक्त आप्तस्वकीयच ऐकतात असे नाही. व्हिब्रिओच्या पेशीत दबा धरून बसणारा एक विषाणू जिवाणूंचाच दाटीचा संदेश ऐकतो आणि भरपूर भक्ष्य जमले आहे असे कळताच पेशी फोडून बाहेर पडतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. बोलणे फायद्याचेच असते असा समज विद्यार्थ्यांत फार लवकर रुजतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

निळा दिवा (जालना)

मी संशोधक नाही. पाणी शुद्धीकरणाची यंत्रे दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. वर बुळबुळीत थराचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ‘दिवा चालू आहे, तरी पाण्याला वास येतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या यंत्रात दिव्यापुढच्या साठवण टाकीत आणि तोटीत तो थर धरलेला असतो. दिव्याखालून गेलेल्या पाण्यात क्लोरीनसारखे मागे काही उरत नाही, त्यामुळे पुढे बसलेल्या जिवाणूंना दिव्याचा काहीच धाक नसतो. शिवाय आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीवर क्षारांचा पांढरा पापुद्रा चढतो आणि किरण पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी प्रति चौरस सेंटीमीटर ४० मिलीज्यूल ही मात्रा सर्रास धरली जाते, पण ती स्वच्छ नळीसाठी. वर्षभर सतत चाललेला दिवा डोळ्यांना निळाच दिसतो, त्याचे अतिनील किरण मात्र तोवर क्षीण झालेले असतात. मॅडम, आपल्या लॅमिनारमधला दिवा किती जुना आहे, हेही एकदा पाहावे.

काळी माती (परभणी जिल्हा)

चर्चा वाचली, सगळी कळली असे म्हणणार नाही. मी सोयाबीन आणि तूर घेतो. पेरणीआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून चोळतो आणि कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याप्रमाणे बियाणे सावलीत वाळवतो. उन्हात वाळवू नका असे सांगतात ते याच किरणांमुळे का? आणि हे जिवाणू एकमेकांना सावध करत असतील, तर बियाण्यावर ते स्वतःला वाचवत का नाहीत?

गोदातीर (नांदेड)

दादा, आपला दुसरा प्रश्न फार नेमका आहे. उन्हात तीन गोष्टी एकदम होतात: अतिनील किरण लागतात, बियाण्याचा पृष्ठभाग तापतो आणि ओल झपाट्याने उडते. रायझोबियम बीजाणू बनवत नाही, त्यामुळे तिन्ही त्याला जाचतात, आणि त्यांत कोरडेपणाचा वाटा मोठा असतो. सावलीत वाळवल्याने तिन्हींचा जाच कमी होतो, म्हणून सल्ला अगदी योग्य आहे.

सोयाबीनच्या जिवाणूकडेही स्वतःचा होमोसेरीन लॅक्टोन वर्गातला संदेश आहे, तो २०११ साली ओळखला गेला. पण बियाण्याच्या सालीवर पेशी विखुरलेल्या असतात, रेणू साचायला भोवती पाण्याचा थर नसतो, आणि संदेश मिळालाच तरी प्रथिने तयार करायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतात. उन्हात वाळणाऱ्या पेशीजवळ यांतले काहीच नसते. ही सज्जता मार बसण्याआधी, निवांत वाढीच्या काळात करावी लागते. वणवा लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पाकिटातल्या जिवाणूंची जी काही तयारी व्हायची ती पाकिटातच झालेली असते, म्हणून पाकिटही उन्हात किंवा गाडीच्या टपावर राहू देऊ नये, आणि चोळलेले बियाणे त्याच दिवशी पेरावे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणचक्की सरांच्या सूचनेप्रमाणे पेशी धुऊन, सारख्याच दाटपणाला आणून, पातळ थरात आणि पिवळ्या दिव्याखाली पहिली फेरी काल केली. दाट नळीतून घेतलेल्या आणि आधीच पातळ करून ठेवलेल्या पेशींतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. मुलगी हिरमुसली, आणि दिवा चार वर्षांचा निघाला.

आता खरा प्रयोग करायचा आहे, पण पदव्युत्तर प्रयोगशाळेत स्यूडोमोनास एरुजिनोसा हाताळू द्यायला मी तयार नाही, कारण तो जखमांत आणि फुप्फुसांत संसर्ग करतो. दुसरा कोणता जिवाणू घ्यावा?

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

आपली काळजी रास्त आहे. स्यूडोमोनास क्लोरोरॅफिस घ्यावा. तो मातीतला आहे, पिकांच्या बुरशीजन्य रोगांविरुद्ध वापरला जातो, आणि त्याच्या बऱ्याच वाणांत होमोसेरीन लॅक्टोनच्या हुकमाने नारिंगी रंगाची फेनाझिने तयार होतात, त्यामुळे गणपूर्ती झाल्याचे डोळ्यांनीच कळते. तो नारिंगी रंगही किरण शोषतो, म्हणून पेशी धुणे इथे जास्तच गरजेचे आहे.

रचना अशी करावी. दाट संवर्धनातील पेशी काढून टाकून वरचे द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे. नव्याने वाढू लागलेल्या विरळ पेशींचे तीन भाग करावेत. पहिल्याला हे गाळलेले द्रव थोडे द्यावे, दुसऱ्याला तेच द्रव, पण सामू चांगला अल्कधर्मी करून काही तासांनी पुन्हा उदासीन केलेले, आणि तिसऱ्याला ताजे माध्यम. अल्कधर्मी द्रवात लॅक्टोनचे कडे उघडते आणि संदेश निकामी होतो, बाकीचे घटक बरेचसे तसेच राहतात. मात्र सामू आम्लधर्मी होऊ देऊ नये, कडे पुन्हा मिटू शकते. संदेश खरोखर गेला की नाही हे क्रोमोबॅक्टेरियम या जिवाणूच्या सीव्ही०२६ या वाणावर तपासता येते, कारण तो स्वतः संदेश बनवत नाही आणि बाहेरून आखूड शेपटीचा (लहान कार्बन साखळीचा) लॅक्टोन संदेश मिळाला तरच जांभळा होतो. तासाभराने तिन्ही भाग धुवावेत, सारख्या दाटपणाला आणावेत आणि मगच किरण द्यावेत.

दिवा मात्र ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा, कारण गोदातीर यांनी लिहिल्याप्रमाणे संदेशांचा परिणाम दिसण्याची शक्यता तिथे जास्त आहे. त्याला सेकंद पुरत नाहीत, तास लागतात. दिव्याऐवजी गच्चीवरचे ऊन वापरण्याचा मोह होईल, पण लातूरच्या एप्रिलमध्ये डिशमधले द्रव इतके तापेल की जिवाणू उष्णतेने मेले की किरणांनी, हे सांगता येणार नाही. ऊनच वापरायचे तर डिश थंड पाण्याच्या परातीत ठेवावी आणि वर काचेचे झाकण असू द्यावे. साधी काच बी गटातले किरण बहुतांश अडवते आणि ए गटातले बरेचसे जाऊ देते. शेजारी तशीच एक डिश काळ्या कागदाने झाकून ठेवावी, म्हणजे उष्णतेचा हिशेब वेगळा निघेल.

मांजराकाठ (लातूर)

गच्चीचा बेत रद्द केला. ३६५ नॅनोमीटरचा दिवा रसायनशास्त्र विभागात धूळ खात पडलेला सापडला. विद्यार्थिनींनी वहीतला जुना निष्कर्ष खोडलेला नाही, त्याच्याखाली तारीख घालून कालचे आकडे लिहिले आहेत. गाळण्या आल्या की पुढची फेरी, आणि तिचे आकडे जसे येतील तसे इथे लिहीन.